चौरंगावरचा पाना

"तू सांग त्यांना," प्रताप म्हणाला. "माझं ते ऐकायचे न्हाईत. तुझं ऐकतात."

"काय सांगू?"

"आता बास म्हणून. आज पाना उचलू नका म्हणून."

आम्ही उद्यमनगरात मामांच्या गॅरेजबाहेर उभे होतो. दसऱ्याची सकाळ होती. आत शेडमध्ये ती जपानी गाडी चालू होती. चालू होती म्हणायचं इतकंच. दोन धक्के खायची, दम घ्यायची, आता बंद पडते की काय असं वाटायचं आणि पुन्हा कशीबशी उठायची. बॉनेटच्या कडेला बांधलेला झेंडूचा हार नुसता थडथडत होता. गाडीशेजारी हिंदुरावमामा हात पाठीमागे बांधून उभे होते. हात पाठीमागे का, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मामांच्या हातांना कंप सुटला होता. उजव्याला जास्त, डाव्याला थोडा कमी. चहाचा कप बशीत वाजायला लागला तेव्हा मामीनं घरातली बशीच बंद केली आणि सगळ्यांना पेल्यातून चहा द्यायला सुरुवात केली. पाहुण्यांनाही. ज्या माणसानं कोल्हापुरातल्या निम्म्या शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधली, त्याच्यासाठी घरातल्या बश्या लपवायची वेळ आली होती. मला त्याचा फार राग यायचा. कोणावर, ते मात्र ठरवता यायचं नाही.

प्रताप हा मामांचा मुलगा, माझा मामेभाऊ. हायवेला त्याचं स्वतःचं सर्व्हिस सेंटर होतं. तो वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तो जरासा तसा वाटेल. त्याला भीती वाटत होती. फिरत्या पट्ट्यात, पंख्यात मामांचा हात जाईल याची. आणि त्याहून मोठी भीती म्हणजे लोक म्हणतील, हिंदुराव पोवारांना आता जमत नाही, आणि ते मामांच्या कानावर येईल.

मी वैजयंती. माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या या शेडमध्ये गेल्या. पुढे शिकले आणि पुण्यात एका गाड्यांच्या कंपनीत इंजिन तपासणीच्या खात्यात लागले. पुण्यात 'करते, जाते' म्हणणारी मी कोल्हापूरच्या स्टँडवर उतरले की 'करतो, जातो'वर येते. त्या वर्षी मामीचा फोन आला होता, "ह्या दसऱ्याला येच. मामाचं नवीन इंजिन चालू व्हायचं हाय." आवाजात काहीतरी होतं, म्हणून रजा टाकून आले.

गाडी इंद्रजित माने यांची. त्यांचं गारगोटी रोडला हॉटेल होतं आणि डोक्यात गाड्यांचं वेड. ही गाडी त्यांनी मुंबईहून इंजिन फुटलेल्या अवस्थेत उचलून आणली होती. तिचं इंजिन रोटरी. म्हणजे त्यात खालीवर होणारे पिस्टन नसतात. पुढे-मागे बसवलेले दोन रोटर, म्हणजे तीन कोपऱ्यांचे जाड लोखंडी तुकडे, कवचात गरगर फिरतात, त्यांच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक पातळ पट्टी असते आणि पट्टीखाली केसासारखी स्प्रिंग. ती पट्टी म्हणजे सील. सील नीट बसली तर इंजिन, नाहीतर नुसता डबा. वर या गाडीला टर्बो होता, हवा दाबून आत कोंबणारा. गावात कोणी तिला हात लावायला तयार नव्हतं. मामा म्हणाले, मी बांधतो.

त्यावरून घरात मोठं भांडण झालं. शेवटी मामांनीच मामीसमोर, इंद्रजितसमोर सांगून टाकलं होतं. "हे नीट चाललं तर पुढचं पुढं बघू. न्हाई चाललं, तर ह्या दसऱ्याला मी पाना उचलणार न्हाई. पुन्हा कधीच न्हाई."

हे नुसतं बोलणं नव्हतं. खंडेनवमीला मामांची सगळी हत्यारं चौरंगावर मांडली जायची, पूजा व्हायची, आणि एकदा पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत कुणी शिवायचं नाही हा त्यांचा नेम होता. दसऱ्याला मामा चौरंगावरून आपला जुना रिंग पाना उचलायचे, एखादा नट नावापुरता आवळायचे आणि गॅरेजचं वर्ष सुरू व्हायचं. आज तो पाना हळदकुंकू लावून लाल फडक्यावर पडून होता. मामा त्याच्याकडे बघतही नव्हते.

आम्ही आत गेलो. इंद्रजित गाडीभोवती येरझाऱ्या घालत होते.

"टर्बो तर गेला न्हाई न्हवं, भावा?"

"एवढ्या कमी फेऱ्यांवर टर्बोला जाग तरी येती काय?" प्रताप म्हणाला. "टर्बोचा काय संबंध न्हाई. हे बघा."

त्यानं व्हॅक्यूम गेज दाखवलं. मामांचंच जुनं, पण हल्ली प्रतापच्या पेटीत असणारं, पितळी काठाचं, काचेला एक चरा. गाडी जागेवर शांत चालत असते तेव्हा इंजिन हवेसाठी ओढ घेत असतं, आणि ती ओढ किती हे गेजचा काटा सांगतो. चांगल्या इंजिनाचा काटा सोळा-सतरावर जाऊन थांबतो. इथं तो दहाच्या आतबाहेर नाचत होता. याचे अर्थ दोनच. एक, बाहेरून कुठूनतरी चोरटी हवा आत शिरतेय. दोन, इंजिनाच्याच अंगात ओढ नाही, म्हणजे सील गेले.

"चोरटी हवा बघितलीस?" मी विचारलं.

"सकाळपासनं तेच करालोय. सगळ्या जोडांवर स्प्रे मारला. लीक असती तर स्प्रे आत ओढून इंजिनाच्या फेऱ्या बदलल्या असत्या. हलल्या न्हाईत. कुठंबी लीक न्हाई." त्यानं माझ्याकडं बघायचं टाळलं. "आता धुराचं बघू."

गाडी बंद केली. प्रतापकडे डब्याचं एक घरगुती यंत्र होतं. त्यात तेल जाळून धूर करायचा आणि तो पाइपानं इंजिनाच्या हवेच्या मार्गात ढकलायचा. जिथून धूर बाहेर येईल तिथं भोक. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. जोडांतून काही नाही, पाइपांतून काही नाही. मग प्रतापनं इंजिनात तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि तिथून धुराची एक सावकाश वळी वर आली.

हवेच्या मार्गात घातलेला धूर तेलाच्या बाजूला आला, म्हणजे मधली भिंत, ते सील, पाझरतायत. मलाही दुसरं काही सुचेना. मामांनी ती वळी बघितली, मान हलवली आणि मागच्या दारानं निघून गेले.

"उद्या बंगळूरला पाठवूया," प्रताप इंद्रजितना हळू आवाजात म्हणाला. "तिथं एक जण हाय, तो फक्त हीच इंजिनं खोलतो. ट्रक सांगतो." मग माझ्याकडं वळून, "जा की, वैजू."

मी गेले. खोटं कशाला बोलू, मी मामांना 'बास' सांगायलाच निघाले होते. वाक्यसुद्धा मनात जुळवलं होतं. 'मामा, आता तुम्ही शिकवा, हात दुसऱ्याचे असू देत,' असलं काहीतरी गुळमुळीत.

मामा मागे लेथच्या पायरीवर बसले होते. हात मांडीवर, आता लपवायला कुणी नव्हतं म्हणून मोकळे सोडलेले. ते आपापले हलत होते.

"बस," ते म्हणाले. "प्रतापनं पाठवलं न्हवं?"

"व्हय."

"बरोबर हाय त्याचं." त्यांनी हातांकडं बघितलं. "तुला एक सांगतो, कुणाला बोलू नकोस. मागल्या रोटरची एक स्प्रिंग बसवताना हातातनं सुटली. खाली पडली. उचलली, पुसली, परत बसवली. बसली असं वाटलं. पण वाटलंच. आधी मला कळायचं, वैजू. बोटाला कळायचं. आता बोटच हलतंय तर त्याला काय कळणार?"

माझं जुळवलेलं वाक्य मी सोडून दिलं. एवढा मोठा माणूस, सबंध गॅरेजला हुकूम सोडणारा, आणि एका स्प्रिंगपायी पायरीवर येऊन बसला होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"गप की," मामा म्हणाले. "सणाचं रडत्यात व्हय?"

तेवढ्यात शेडमधून पुन्हा गाडीचा आवाज आला. प्रतापनं तिचा आवाज फोनवर भरून बंगळूरच्या माणसाला पाठवायचं ठरवलं होतं. मी डोळे पुसत आत गेले.

आत वेगळंच चाललं होतं. मामी पूजेचं ताट घेऊन आली होती. बाहेर जग बुडत असलं तरी मामीची पूजा चुकायची नाही, आणि तिचा हात सढळ. झेंडू घालायचा तर बचकाभर, अक्षता टाकायच्या तर मूठभर. आता ती आपट्याची पानं वाटत होती. एक स्टिअरिंगवर, एक सीटवर, एक बॅटरीवर.

"अगं आई, गाडी चालू हाय," प्रताप ओरडला. "हात घालू नको आत!"

"पंख्याकडं कुठं जातोय मी? एवढं इंजिनाला देतो आणि जातो." असं म्हणून तिनं हाताला लागेल तिथं पान ठेवलं. ते नेमकं तेलाच्या उघड्या तोंडावर.

"मामी, तिथं नको," मी पुढं झाले. "आत पडेल ते."

पण ते पडलं नाही. उडूनही गेलं नाही. तोंडाच्या कडेला चिकटून बसलं आणि मधोमध खोलगट झालं. मी ते उचलायला गेले तर ते सहज सुटेना. मी पान बाजूला केलं आणि तोंडावर तळहात धरला. तळहात आत ओढला गेला.

मी हात काढून पुन्हा धरून बघितला. पुन्हा तेच. सील गेलेलं इंजिन तर तेलाच्या तोंडातून बाहेर फुंकतं. जळालेला वायू सीलमधून खाली उतरतो आणि वाट मिळेल तिथून भसाभस बाहेर पडतो. पान उडून बॉनेटवर जायला हवं होतं. हे इंजिन बाहेर फुंकत नव्हतं. आत घेत होतं.

"प्रताप, फोन ठेव."

"का?"

"ठेव म्हणतो न्हवं!" मी ओरडले. "मामा! मामा, आत या!"

मामा दारात येऊन उभे राहिले. मी त्यांचा डावा हात धरून तेलाच्या तोंडावर ठेवला. त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांचे डोळे आधी माझ्याकडे वळले, मग तेलाच्या तोंडापासून निघालेल्या, करंगळीएवढ्या जाड रबरी पाइपावर गेले आणि त्या पाइपाबरोबर हळूहळू सरकत पलीकडे पोचले, जिथे तो इंजिनाच्या हवेच्या मार्गाला मिळत होता.

"झडप," ते म्हणाले.

त्या पाइपात बोटाच्या पेराएवढी एक झडप असते. टर्बो जोर करतो तेव्हा त्याची दाबलेली हवा उलटी तेलात शिरू नये, म्हणून ती. आणि गाडी जागेवर चालत असताना तिनं नावापुरती फट ठेवून मिटून राहायचं. ती उघडी राहिली, तर तोंडाला झाकण असलं तरी इंजिन एअर फिल्टरकडच्या नळीनं, आपल्याच तेलाच्या बाजूनं हवा ओढत बसणार. बाहेर कितीही स्प्रे मारा, सापडायचं नाही, कारण चोर घरातलाच. आणि धूर? धूर त्याच पाइपानं मागल्या वाटेनं तेलाकडे गेला होता. सीलमधून नव्हेच.

"दाबा पाइप," मी मामांना म्हणाले.

"तू दाब."

"तुम्ही दाबा, मामा. मी काटा बघतो."

ते थांबले. इंद्रजित, प्रताप, मामी, सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते, आणि त्यांना ते कळत होतं. मग त्यांनी पाठीमागचा उजवा हात पुढे काढला. बोटं पाइपापर्यंत जाईतो दोनदा चुकली. मामीनं तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा पाइप चिमटीत आला आणि मामांनी तो दाबला.

गाडीचा आवाज बदलला. अडखळणं थांबलं. ती एका लयीत घुमायला लागली, झेंडूचा हार शांत झाला, आणि माझ्यासमोर काटा उठला. दहा, बारा, चौदा, सोळा. आणि तिथं थांबला.

"आयला!" इंद्रजित म्हणाले.

मामांनी पाइप सोडला. गाडी पुन्हा खोकायला लागली. दाबला, पुन्हा शहाणी झाली. मग ते हसायला लागले. आणि मग मुद्दामच, लहान मुलासारखं, दाबायचे आणि सोडायचे, दाबायचे आणि सोडायचे.

"पुरे की आता," मामी म्हणाली, पण तीही हसत होती.

गाडी बंद करून प्रतापनं झडप काढली. ती कोरी करकरीत होती, कालच पाकिटातून काढलेली. काल खंडेनवमी, मामांची हत्यारं चौरंगावर बसलेली, म्हणून शेवटचे हे बारीकसारीक पार्ट प्रतापनंच त्याच्या सेंटरच्या हत्यारांनी बसवले होते. त्यानं झडप तळहातावर आपटली. एकदा, दोनदा. मग काडी घालून हलवली आणि पुन्हा आपटली. तळहातावर तेलानं माखलेला एक लालसर दाणा पडला.

आम्ही सगळे त्या दाण्यावर वाकलो.

"तांदूळ हाय हा," इंद्रजित म्हणाले.

"तांदूळ कसला," मामी म्हणाली. "माझी अक्षता हाय ती."

काल पूजेत नवीन पार्टही ताटात मांडले होते, आणि मामीनं आपल्या सढळ हातानं सगळ्यांवर अक्षता टाकल्या होत्या. झडपेला का वगळायचं?

"पण मी बसवायच्या आधी साफ केली होती," प्रताप म्हणाला. "कॉम्प्रेसरची हवा मारली होती चांगली."

"म्हणूनच," मामा म्हणाले. "नुसती झटकली असतीस तर बाहेर पडला असता. हवा मारलीस, आत जाऊन बसला."

प्रतापचा चेहरा पडला. मामीचाही पडायला लागला. तेव्हा मामांनी तो दाणा प्रतापच्या तळहातावरून उचलला, म्हणजे उचलायचा प्रयत्न केला, तो दोनदा निसटला, शेवटी मामीनं उचलून दिला, आणि त्यांनी तो चौरंगावर देवासमोर नेऊन ठेवला. "देवाची वस्तू देवाला," म्हणाले. विषय तिथं संपला.

झडप पुसून पुन्हा पाइपात घातली. तिच्या जवळचा एक छोटा ब्रॅकेट आवळायचा राहिला होता. प्रतापनं सवयीनं आपल्या पेटीतला पाना घेतला. मग तो थांबला. पाना पेटीत परत ठेवून चौरंगाकडे गेला. लाल फडक्यावरचा तो जुना रिंग पाना त्यानं दोन्ही हातांनी उचलला, त्यावरच आपट्याचं एक पान ठेवलं आणि मामांसमोर धरला.

"आबा, सोनं घ्या," तो म्हणाला.

मामांनी लगेच हात पुढं केला नाही. "इंजिन अजून बघितलं कुठं?" ते म्हणाले. "ती स्प्रिंग..." आणि माझ्याकडं बघून गप्प झाले.

"आवळून बघूया तर," मी म्हटलं. "काटा सांगेल की."

त्यांनी पाना घेतला. नटावर बसवायला वेळ लागला. कुणी मदत केली नाही, आणि प्रतापनं मदत न करणं किती अवघड होतं ते त्याच्या जबड्यावरून दिसत होतं. नट आवळला. मामांनी पान खिशात ठेवलं, कपाळाला पाना लावला आणि म्हणाले, "मार स्टार्टर."

त्यानंतर मामांनी बरीच इंजिनं बांधली. प्रतापनं हायवेवरून एक टेबल आणून शेडमध्ये टाकलं, हात टेकवायला उंच काठाचं, आणि बारीक स्प्रिंगा तोच बसवायचा, मामा शेजारी उभे राहून. मीही पुढच्या वर्षी पुणं सोडलं. शेडवर आता आमच्या तिघांचं नाव आहे. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. फक्त गाडी चालू झाली होती आणि ती एका सुरात घुमत होती.

मी गेज बॉनेटला अडकवायला निघाले होते. मामांनी ते माझ्याकडून मागून घेतलं. त्यांना स्वतःच्या हातात धरून बघायचं होतं. तिन्ही कोपऱ्यांतली एक जरी पट्टी नीट बसली नसती, तरी काटा ठेक्यात लचकला असता, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

ते दोन्ही हातांनी गेज धरून उभे राहिले. हातांबरोबर गेज थरथरत होतं, पितळी काठ चमकत होता, काचेवरचा चरा हलत होता. प्रताप त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता. मीही बघत होते.

"हात हलालाय न्हवं?" मामांनी विचारलं.

"व्हय, आबा."

"आणि काटा?"

प्रतापनं बराच वेळ बघितलं. काटा सतरावर होता.

"न्हाई," तो म्हणाला. "काटा हलत न्हाई."